टेरिकॉटची मोट

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा आखाड. श्रावण लागायच्या आत जावयाला बोलावून वशाट खाऊ घालायचं, ही माझ्या सासरची रीत. कोंबडं काय, कुणीही कापतं. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, मात्र स्वतःच्या हातानं धरलेली वाम मासळी माझ्या ताटात पाहायची होती. माणूस हाडाचा शेतकरी. घोड धरणाच्या फुगवट्यात काठची जमीन बुडाली, तेव्हा त्यांनी एक जुनी होडी विकत घेतली आणि तिला बैलासारखी शिकवायला सुरुवात केली. ती अजून काहीच शिकलेली नाही, हे मला कळलं ते पाण्याच्या मधोमध.

मी नगरला कारकून. अंगात सासरच्या आहेरातली कोरी टेरिकॉटची पँट. पोहण्याच्या नावानं शून्य.

वाम तळाला असते. ती गळाला लागायची तर होडी मुंगीच्या पावलानं सरकायला हवी. पण आखाडातलं पश्चिमेचं वारं! होडी अशी उधळली, की गळ तळाला टेकेना. मागं दोर ताणून वरच्या वर तरंगत येऊ लागला. आणि आम्ही निघालो होतो पूर्वेच्या काठाकडे, जिथं बुडालेल्या बाभळींचे वाळके बुंधे पाण्याबाहेर डोकी काढून उभे होते.

"मामा, ते काय दिसतंय?"

"आपल्याच बांधावरच्या बाभळी. लई चिवट लाकूड."

"होडी त्यांच्यावर आपटली तर?"

"फुटंल की," मामा म्हणाले.

मी झटकन दुसरं वल्हं उचललं. मामा वाऱ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "ठिवा खाली! जावयाला वल्हं मारायला लावलं म्हणून गाव तोंडात शेन घालंल माज्या."

ठेवलं. बुडायचं होतं, पण मानानं.

मामांनी दोरीला दगड बांधून सोडला. तो तळाशी कशाततरी अडकला, होडीला हिसका बसला, घागरभर पाणी आत आलं आणि दगड तिथंच ठेवून दोरी मोकळी वर आली. होडी पुन्हा चौखूर.

"गच्च धरून भागायचं न्हाई," मामा विचारात पडले. "मोट पायजे. पान्यानं भरंल आन होडीला मागं वढत ऱ्हाईल, अशी." त्यांनी होडीभर नजर फिरवली. ती फिरत फिरत माझ्या कमरेपाशी आली आणि तिथंच थांबली.

"मामा, नाही."

"जावईबापू, बाभळी जवळ आल्या."

"तुमचं धोतर घ्या ना!"

"धोतराला तोंड कुठं असतं? पँटीला तोंड बी हाय आन दोन सोंडा बी."

बुंध्यांवरचे बगळे आता मला एकेक ओळखू येत होते. मी पँट काढली. वल्ह्याला हात लावला तर जाणारी मामांची अब्रू माझ्या पँटीनं मात्र गेली नाही. त्यांनी दोन्ही पायांना गाठी मारल्या, पट्टा ओवायच्या घरांतून दोरी ओवली आणि दुसरं टोक होडीच्या नाकाला बांधून पँट पाण्यात सोडली. ती पाणी प्यायली, फुगली, एखाद्या लठ्ठ सावकारासारखी पाण्याखाली बसली. होडीनं नाक वाऱ्याकडं फिरवलं आणि तिचा वेग एकदम मेला.

"आता चालली बघा, पेरणीच्या बैलावानी!" मामांनी हरखून गळ सोडला.

"मामा, आधी काठाला चला."

"आता कुठं मापात आलीया, आन काठाला?"

मी गुडघे छातीशी घेऊन बसलो. वाऱ्यानं मांड्यांवर काटा उभा राहिला होता. मामांना खरंच वाम लागली, हातभर लांब. ती बिचारी होडीच्या तळाशी वळवळत होती. तिला माझ्याइतकं कुणी समजून घेतलं नसतं. मग मामा उठले आणि येणाऱ्या एकेका बुंध्याला वल्ह्यानं रेटा देत होडी मधून काढू लागले. संथ होती म्हणून जमलं. वाऱ्याकडं नाक, म्हणजे काठाकडं शेपूट. आणि शेपटाला मी. काठावर बायका धुणं धूत होत्या. त्यांच्याकडं मी पाठमोरा, इंचाइंचानं सरकत होतो.

"मामा, आता तरी पँट वर घ्या."

"अजून दोन बुंधे हायेत. मोट काढली की होडी पळाली."

दोन्ही बुंधे सरले. होडी चिखलाला टेकली. जीव वाचला होता. जमीन हातभर अंतरावर होती आणि मला उतरता येईना.

"कोन वो त्ये, तात्या?" एका बाईनं मामांना विचारलं.

"आमचं जावई!" मामा छाती काढून म्हणाले. "नगरला हाफिसात असत्यात."

साऱ्या बायकांनी लगबगीनं पदर डोक्यावर घेतले आणि माझ्यासाठी वाट सोडून अदबीनं उभ्या राहिल्या.