मावशीला लिहून कळवलेलं घर

मंडळी, सकाळपासून मन लागत नाहीये.

माझ्या मावशीला दिसत नाही. ती करजगीहून बीदरला आमच्या नव्या घरी राहायला येणार होती. घर कसं आहे ते मी तिला पत्रात कळवलं होतं. फरशीचा रंग, खिडक्यांची नक्षी, सगळं. तिच्या सुनेनं ते तीनदा वाचून दाखवलं म्हणे.

आज आली ती माझा हात सोडून, पत्राच्या भरवशावर आत निघाली. स्वयंपाकघरात उतरायला एक पायरी आहे. तिथं ती पडली. मनगट सुजलंय.

"रंग लिवलीस, मग पायरी कामून न्हाई लिवलीस गं?"

लिहिताना मी मावशीला मनातल्या मनात त्या घरातून एकदाही चालवलं नव्हतं.

न दिसणाऱ्या माणसाला तुमचं घर लिहून कळवायचं झालं, तर तुम्ही सुरुवात कुठून कराल?