नेटाताईनं उंबऱ्याआडून निवडलेला टायमर

माझी थोरली बहीण नेटा गेली त्याला तीन आठवडे झाले. सगळे म्हणतात, डॉड, ताईचं काहीतरी लिही. तर मला टायमरचंच आठवतंय, काय करू.

आर्ब्रोथला बंदराच्या वरच्या अंगाला तिसऱ्या मजल्यावर ती भाड्यानं राहायची, एकवीस वर्षं. घरात विटांचे हीटर. रात्री स्वस्त विजेवर आतल्या विटा तापायच्या नि दिवसभर ऊब द्यायच्या. ते रात्री चालू करणारा टायमर जळाला, तोही ऐन नाताळात. ताईची छाती आधीच नाजूक. तिची लेक रोना इथून तासाभरावर पर्थला असते, ती फोनवर म्हणली, "आई, चार तारखेला येतेय मी. घर गार दिसलं तर बॅग भरून तुला घेऊन जाणार. कायमची." लेकीवर ताईचा जीव, पण तिच्या घरी राहायचं म्हणजे तुरुंग. तिथं चहासुद्धा विचारून करावा लागतो म्हणायची.

घरमालक म्हणला, तुम्हाला चालवता येईल तो टायमर तुम्हीच निवडा, बसवायला माणूस पाठवतो. तो माणूस म्हणजे फिनले. तीन तारखेला सकाळी आला. केस लालभडक!

आता नवं वर्ष लागल्यावर घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडायला पाहिजे, हे आमच्यात शेंबड्या पोराला पण ठाऊक. ताईकडं दरवर्षी मीच जायचो. त्या साली तापानं झोपलेलो. म्हणजे तिचा उंबरा अजून कोराच.

"तिथंच थांब!" ताई आतून ओरडली. "लाल डोकं घेऊन आत आलास तर वर्ष बुडालं माझं."

"बाई, मी वीज जोडायला आलोय, मागणी घालायला नाही."

"घातली असतीस तरी केस बघूनच नाही म्हणले असते."

मग मला फोन. "डॉड, ताप गेला खड्ड्यात, ऊठ नि ये!"

मी जाईपर्यंत फिनले जिन्यात उभा राहून टायमर दाखवत होता. एक तबकडीचा, कडेनं बारीक खुंट्या, जेवढ्या दाबाल तेवढा वेळ चालू. दुसरा बटणांचा. तिसरा फोनवरून चालणारा.

"फोनवाला नको. रोना तिकडं पर्थला बसून बंद करायची."

"मग हा बटणांचा बघा."

"जवळ आण. अरे पाय नको आणूस, हात आण!"

तो बाहेरून वाकलेला, ही आतून चष्मा लावून वाकलेली. हातात काही घेईना. उंबऱ्यावरून वस्तू घेतली तरी ते आत येणंच झालं म्हणे.

"ह्याचे आकडे मुंगीएवढे," ताई म्हणली.

"मग तबकडीचा घ्या. पण वीज गेली की हा थांबतो हां, परत वेळ लावावी लागते."

"लावीन की. थांबला तर दिसेल तरी थांबलाय ते. बटणवाला खोटं बोलला तर मला काय कळणार?"

तेवढ्यात मी पोचलो, रिवाजाप्रमाणं हातात काळा केक. फिनलेनं माझ्या डोक्याकडं बघितलं. डोक्यावर एक केस नाही.

"हे काळे केस?"

"होते," ताई म्हणली. "मी बघितलेत. ये रे डॉड."

मी आत, माझ्यामागं फिनले. तासाभरात टायमर बसला. रात्रीच्या खुंट्या ताईनं स्वतः दाबल्या, आणि हीटरची सगळी बटणं शेवटपर्यंत पिळली. म्हणलं ताई, एवढं नको. तर म्हणली, "गप बस, लेक माझी येतेय, तुझी नाही."

चार तारखेला दहा वाजता रोना आली, रिकामी बॅग घेऊन. मी तिथंच होतो. ताई बिनबाह्यांच्या झग्यात, वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेली. खिडकीतली मेणबत्ती वाकून आडवी झालेली.

"आई, हे काय? भट्टी लावलीस का?"

"गार वाटतंय का गं बाळ? वाढवू?"

रोनानं कोट काढला, स्वेटर काढला, घाम पुसला नि बॅग दाराशीच ठेवली. संध्याकाळी निघाली तेव्हा ताईनं त्या बॅगेत आपले तीन जाड स्वेटर कोंबले, पर्थला थंडी फार असते म्हणून.

त्यानंतर चार हिवाळे ताई तिथंच राहिली. गेली पण तिथूनच, आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या. तेवढं बरं झालं.