दोन पणजोबा आणि एक फ्लेक्स

आमच्या घराण्यात दोन थोर पुरुष होऊन गेले आणि दुर्दैवाने दोघेही माझेच पणजोबा होते.

बाबांच्या आजोबांनी पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावाचा तलाव खोदला. (एकट्याने नव्हे, गाव होतं सोबत; पण हे बाबांसमोर बोलायचं नाही.) आईच्या आजोबांनी याच गावात शिरलेल्या वाघाला कुऱ्हाड उगारून जंगलात परतवलं. (वाघ आपणहून निघालाच होता, असंही एक मत आहे. ते आईसमोर बोलायचं नाही.) दोघांत थोर कोण, यावरून आमच्या घरी चहाबरोबर रोज एक फेरी झडायची.

"तलाव नसता तं धान कुठून खाल्लं असतं?" बाबा विचारायचे.

"अन वाघ नसता हाकलला तं धान खाले मानूस उरला असता का जी?" आई विचारायची.

मलाही लहानपणापासून याचं मोठं कुतूहल. तलावाला कष्ट जास्त लागले, वाघाला छाती जास्त लागली. तलावाचं काम वर्षानुवर्षं चाललं, वाघाचं पाच मिनिटांत आटोपलं. पण त्या पाच मिनिटांत मी काय केलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

यंदा गावाने तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दोघांचा मिळून एक फ्लेक्स लावायचं ठरवलं. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी ऊर्जानगरला नोकरी करतो, म्हणजे शिकलेला.

"माह्या आजाचा फोटो लहान दिसला तं मी येत नाई," बाबांनी बजावलं.

आईने आणखी पुढची पायरी गाठली. "माह्या आजाचा लहान दिसला तं मी गोंडपिपरीले भावाकडे जातो. अन लवकर वापस येत नाई." म्हणजे म्हातारपणी आईबाबांचं घर मोडणार, तेही माझ्या हातून.

फ्लेक्सवाल्याने फोटो मागितले. फोटो नव्हतेच.

"मंग काय देवाच्या भरोशावर छापू का भाऊ?" असं म्हणत त्याने मला निरखून पाहिलं. "तुमीच बसा ना. पणतू हाव ना दोघायचे."

बिनतोड मुद्दा होता. पांढरा फेटा बांधून फावड्यासह एकदा बसलो, लाल फेटा बांधून कुऱ्हाडीसह दुसऱ्यांदा. त्याने कॉम्प्युटरवर मिशा चढवल्या, सुरकुत्या घातल्या आणि दोन्ही चेहरे मी फुटपट्टी लावून सारखे करून घेतले.

कार्यक्रमाच्या दिवशी पडदा सरला, हार चढले. बाबांचे डोळे भरून आले. "पाय, माह्या आजाच्या तोंडावर कसं तेज हाय."

"अन माह्या आजाच्या? वाघ उगाच पळाला काय?" आईने पदर डोळ्यांना लावला. (दोघांनीही आपापले आजोबा कधीच पाहिलेले नव्हते!) माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ऊर्जानगरहून माझा दोस्त मोटारसायकलवर आला. त्याला मीच आमंत्रण दिलं होतं, फक्त कार्यक्रम कसला ते सांगायचं राहिलं होतं. त्याने हार घातलेला फ्लेक्स पाहिला, हेल्मेट काढलं आणि मान खाली घालून उभा राहिला. मी मागून जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो केवढ्याने ओरडला.

"अबे, तू जिता हायेस? मंग तुह्या दोन-दोन फोटोले हार काऊन घातला?"

सगळं गाव आधी फ्लेक्सकडे बघू लागलं, मग माझ्याकडे. बाबा फ्लेक्सजवळ गेले, मागोमाग आई. दोघांनी मिळून मिशांच्या वरचं नाक तपासलं. आता आई गोंडपिपरीला निघणार, या धसक्याने मी पाळीवरच बसकण मारली.

"मीबी म्हणून राह्यलो होतो," बाबा शेवटी म्हणाले, "तलाव खोदनाऱ्याचे हात असे नरम कसे?"

"अन याले पाहून वाघ काय, बकरीबी पळाली नसती," आई म्हणाली.

"खरं हाय तुहं," बाबा म्हणाले आणि दोघं एकाच छत्रीत घरी गेली. आईबाबांचं एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्याला ना तलाव खोदणारा कामी आला, ना वाघ हाकलणारा. माझा बिनकामीपणा पुरला.