पायरीवर भरलेली ओटी

देवीला दिलेला शब्द पाळता येणार नाही हे कळल्यावर मी तिच्याशी बोलणंच बंद केलं. दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा, बाळ सुखरूप हाती आलं की अंबाजोगाईला येऊन योगेश्वरीची ओटी भरेन, असं मी मनातल्या मनात म्हणाले होते. हिरवा खण आणून कपाटात ठेवला होता. माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमातली, आरत्या आजही मोबाइलवर बघून म्हणते. स्वतःच्या शब्दांत देवीशी बोलायची ती माझी पहिलीच वेळ होती.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या कवटीचं हाड तयारच झालेलं नाही, असं दिसलं. पुन्हा तपासणी झाली, उत्तर तेच. बाळ जगणार नव्हतं. डॉक्टरांनी शांतपणे सगळं समजावलं आणि निर्णय आमच्यावर सोडला. नवरा जमिनीकडे बघत बसला होता. गर्भपात करू या, असं मीच म्हणाले. विचार करून म्हणाले, आणि तरीही तो माझाच आवाज नंतर किती दिवस माझ्या कानांत राहिला.

आमच्या भागात पाचव्या महिन्यात पोट पाडलं म्हटलं की लोकांच्या मनात एकच प्रश्न येतो, मुलगी होती का? धारूरच्या आमच्या गल्लीत तो मला कुणी तोंडावर विचारला नाही, पण नळावर गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. मी मुळात कमी बोलणारी. कुणाकुणाला काय सांगणार? सासूबाईंनी सुनेला ताप आहे असं सांगून टाकलं. रक्तस्राव कमी होत गेला, कंबर सावरली; पण मधेच छातीत दूध आलं, आणि असं होऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी मी न्हाणीघरात बसून रडले. सासूबाईंनी बाहेरूनच हाक मारली. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी माझे कान रुमालानं बांधायला सुरुवात केली, बाळंतिणीचे बांधतात तसे. डिंकाचे लाडूही केले आणि डबा माझ्या उशाशी ठेवला.

शेवटच्या तपासणीला अंबाजोगाईला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, तब्येत छान सावरली आहे. निघताना सासूबाईंनी तो खण, तांदूळ आणि नारळ माझ्या पिशवीत घातले होते. नवऱ्यानं मला देवळापाशी सोडलं आणि तो गाडीचं पंक्चर काढायला गेला. मी पायरीपर्यंत गेले आणि बसले. आत जाऊन तिला काय सांगायचं? नवस बाळाचा होता.

शेजारी एक बाई येऊन टेकली. उसाचा हंगाम संपवून गावी परतत होती. कारखान्यावरून सगळे धड आले म्हणून तिनं ओटी आणली होती. रस्त्याच्या कडेला थांबलेल्या ट्रॅक्टरकडे बघत तिनं नवऱ्याला दोन शिव्या हासडल्या, ‘देवाच्या दारात बी घाईच हाय मेल्याला.’ मग माझ्या बांधलेल्या कानांकडे पाहून सहज विचारलं, ‘लेकरू कुठाय? घरी ठिवलंस व्हय?’

एरवी मी मान हलवून विषय संपवला असता. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, ‘बाळ नाही. जगणार नव्हतं. काढावं लागलं.’

मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. तो आला नाही.

‘विटाळाचे दिवस सरले का तुजे?’

‘कधीच सरले.’

‘मंग बाहीर कावून बसलीस?’

मी म्हणाले, बाळ झालं की ओटी भरेन असं बोलले होते. आता कोणत्या तोंडानं भरू?

कळसाकडे बोट करून ती म्हणाली, ‘तिचं बी लगीन ठरलं व्हतं, परळीच्या वैजनाथासंगं. मुहूर्त टळला, वऱ्हाडाचा दगूड झाला. ती माघारी गेली न्हाई, हितंच ऱ्हायली. ऱ्हायलेलं काय असतंय ते तिला सांगावं लागत न्हाई, बाई.’ मग तिनं मला ओढणी पुढे धरायला लावली आणि आपल्या ओटीतले मूठभर तांदूळ त्यात टाकले. ‘बाळंतीणच हाईस तू. ऊठ.’

आम्ही दोघी बरोबरच आत गेलो. मी खण वाहिला, नारळ ठेवला. देवीला काही सांगितलं नाही, मागितलंही नाही. नुसती उभी राहिले, आणि किती दिवसांनी छातीवरचं ओझं हललं.

बाहेर आले तर ती बाई बांगडीवाल्याशी भावावरून भांडत होती. मी नमस्कार केला. तिनं ‘जिवाला जप’ एवढंच म्हटलं आणि पुन्हा बांगड्यांकडे वळली. तिला कुणी पाठवलं होतं का, हे मला माहीत नाही. मी शोधतही नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी ओढणीतल्या त्या तांदळाची खीर केली, पहिली वाटी मला दिली आणि माझ्या कानांचा रुमाल स्वतःच्या हातानं सोडला. नळावरच्या बायका अजूनही बोलायच्या थांबतात, पण मी आता हंडा भरून होईपर्यंत तिथंच उभी राहते. देवीपुढे उत्तर घेऊन जावं लागतं असं मला वाटायचं. आता जाते तेव्हा ओढणी पुढे धरते, आणि ती जे घालेल ते घेऊन घरी येते.