माथ्यावर घेतलेली शपथ

साल एकाहत्तर. नगर जिल्ह्यात, शिंगणापूरपासून जवळच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. अंगात रग होती आणि आपल्याला माणसं कळतात असा भ्रमही होता.

एका सकाळी एक शेतकरी जोडपं ठाण्यात आलं. तेवीस वर्षांचा एकुलता मुलगा आठ दिवसांपासून बेपत्ता होता. ठाणे अंमलदारानं वर्णन लिहून घेतलं. बाप बोलत होता, आई पदराचं टोक चावत उभी होती.

तिसऱ्या दिवशी निनावी चिठ्ठी आली. 'पोरगं चुलत्याच्या विहिरीत बघा.' चुलत्याशी बांधाचा वाद होताच. पंच घेऊन मी विहिरीवर गेलो, गळ टाकले. दोर जड लागला तेव्हा काठावर उभ्या असलेल्या मुलाच्या आईनं दोन्ही कान झाकून घेतले. वर आली ती फुटकी मोट. आई मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली. ते हसणं ऐकून माझा जुना हवालदारही चरकला.

चुलत्याविरुद्ध काहीच निघालं नाही. मग एस.टी.च्या कंडक्टरकडून कळलं की मुलगा नगरच्या गाडीत बसला तेव्हा त्याचा मित्र सोडायला आला होता. हा मित्र गावात सायकली दुरुस्त करायचा. त्याला ठाण्यात आणलं. विचारलं, दरडावलं, एक-दोन ठेवूनही दिल्या. तेव्हा आम्ही तेच करायचो, खोटं कशाला सांगू?

"मारा साहेब," तो म्हणाला, "पन शनिद्येवाची शपथ घेतलीया. मोडली तर लई वंगाळ हुईल."

कुणाचं वंगाळ होईल, हे मी विचारलंच नाही. देवाच्या भरवशावर घराला दार न लावणारी ती माणसं. जितका भरवसा, तितकाच धाक. हा काठीनं बोलणार नाही हे मला दिसत होतं. म्हणून मी मुलाच्या आईला बोलावलं आणि एक थाप ठोकून दिली. "आईनं शपथ आपल्या माथ्यावर घेतली की ती उतरते. मला एका शास्त्रीबुवांनी सांगितलंय." शास्त्रीबुवा वगैरे कुणी नव्हतंच.

तिनं मित्राचे दोन्ही हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवले. "तुजी शपथ माज्या माथी. काय भोगायचं त्ये मी भोगीन. बोल लेकरा."

तो रडत रडत बोलला. छाती भरली नाही म्हणून मुलाला नगरच्या लष्करभरतीतून परत पाठवलं होतं. मदतीचं सामान नेणाऱ्या ट्रकबरोबर तो कलकत्त्याकडे गेला होता. सीमेपलीकडे बांगलादेशासाठी लढणाऱ्यांत त्याला सामील व्हायचं होतं. जाताना त्यानं मित्राला शपथ घातली होती, "घरी सांगू नगं. सांगितलंस तर मी जित्ता माघारी येनार न्हाई."

आई माझ्याकडे वळली. "साहेब, शपथ उतरली न्हवं?"

"उतरली," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला.

वरिष्ठांनी पाठ थोपटली. मी कलकत्त्याला बिनतारी संदेश पाठवला, पत्रं लिहिली. एकच उत्तर आलं. अशा वर्णनाचा एक तरुण लढणाऱ्यांच्या छावणीतून सीमेपार गेला, पुढे ठावठिकाणा नाही. लढाई संपली. आसपासच्या गावांतले जवान सुटीवर आले. हा आला नाही.

माझी बदली होईपर्यंत दर शनिवारी ती बाई शिंगणापूरला जाऊन तशीच ठाण्यात यायची. तपासाचं कधी विचारायची नाही. "शपथ उतरली व्हती ना, साहेब?" एवढंच. मी "हो" म्हणायचो, ती जायची. दरोडेखोरांच्या मागे गेलो तेव्हा कधी भ्यालो नव्हतो, पण शनिवार आला की भ्यायचो.

माणसाकडून खरं काढायला त्याचा देव वापरू नये, एवढं त्या तपासानं मला शिकवलं. पुढे नोकरीभर मी ते पाळलं. खोटं बोलणारा माणूस मला समोर बसताच ओळखू यायचा. तिलाही येत असणार. नाहीतर एकदा "हो" ऐकल्यावर तिनं तोच प्रश्न पुन्हा पुन्हा कशाला विचारला असता?