बारशाचं नाव

माझं बारशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. जाऊबाई अजून आहेत, पेणमधलं आमचं घर लोकांना ठाऊक आहे, आणि नाव लिहिलं की हे कुणाचं ते लगेच कळेल. एवढंच सांगते की आमच्या पिढीत ते नाव घरोघर होतं. रोह्याजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत माझ्या वर्गात त्या नावाच्या तिघी होत्या. दोघींना आडनावाने हाक मारत आणि मला नुसत्या नावाने, कारण हजेरीत मी आधी यायचे. याचा मला अभिमान होता.

लग्न ठरलं तेव्हा मी एकवीस वर्षांची, दहावी पास. थोरल्या जाऊबाईंचं नाव तेच आहे हे बोलणी चालू असतानाच कळलं होतं. सासूबाई माझ्या वडिलांना म्हणाल्या, "एका घरात एकाच नावाच्या दोघी नकोत. हाक मारली तर दोघी धावतील, नायतर एकपण येणार नाय." सगळे हसले. वडीलही हसले. मग लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. नणंदेने निवडलेलं. नाव चांगलं होतं, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

नावं तेव्हा बहुतेकींची बदलायची. माझ्या दोन मैत्रिणींची बदलली, त्यांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. पण त्यांची जुनी नावं गेली ती गेली. माझं नाव मात्र त्याच घरात दिवसभर वावरत होतं, फक्त दुसरीसाठी. पहिल्या वर्षात कितीदा तरी मी ओ दिली आणि सासूबाई आतून म्हणाल्या, "तुला नाय गो." सगळ्यांत लागायचं ते नवऱ्याचं. जाऊबाईंना तो नावापुढे वहिनी लावून हाक मारायचा. डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला निघताना चपला घालता घालता विचारायचा, "अमुकवहिनी, डबा झाला का?" त्याच्या तोंडी ते नाव छान बसायचं. मला तो "अगं" म्हणायचा.

जाऊबाई वाईट नाहीत. माझ्या पहिल्या बाळंतपणात त्यांनी महिनाभर माझ्या पायांना तेल लावलंय. पण मी त्यांच्यावर जळायचे, आणि ते त्यांच्या कुठल्या दोषामुळे नव्हे. त्यांना बोलता यायचं. दारात आलेली बाई त्यांचंच नाव घेऊन यायची. पोह्यांचे पापड लाटायचे मी, विकायला जायच्या त्या, आणि आळीत सगळे म्हणत, अमकीचे पापड. ऐकणाऱ्याला त्यात काहीच वावगं वाटलं नसतं. मी लाटणं ठेवून पाणी प्यायला आत जायचे.

अशी जवळजवळ तीस वर्षं गेली. सासू-सासरे गेले, मुलं कामाला लागली. मग तीन-एक वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, त्या बाई आल्या.

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. रोह्याचा पूल ओलांडला की अष्टमी, तिथे त्यांचं घर. त्यांचंही नाव तेच. नोकरीभर प्रत्येक वर्गात त्यांना आपल्या नावाच्या दोन-तीन मुली भेटल्या, आणि या सगळ्या पुढे कुठे गेल्या हे शोधायचं त्यांनी निवृत्तीनंतर मनावर घेतलं. रोह्याकडच्या अकरा जणींचं एक पुस्तक त्यांनी आधीच काढलं होतं. पातळसं, पिवळ्या कव्हराचं. प्रत्येक प्रकरणाला बाईचं नाव आणि खाली गाव. एक एसटीची कंडक्टर, एक सुईण, एक जन्मभर नुसती शेती केलेली. त्यांनी दिलेली प्रत मी दोन दिवसांत वाचून काढली. त्या अकरा जणींचे हाल वाचूनही मला त्यांचा हेवाच वाटला. त्यांना निदान त्या नावाने कुणीतरी हाक मारत होतं.

आता बाईंना पेणकडच्या बायकांचं पुस्तक करायचं होतं. जाऊबाईंचं नाव त्यांना पापडांमुळे कळलं होतं. ओटीवर बसल्या बसल्या त्यांनी वही काढली आणि म्हणाल्या, "एक अट आहे माझी. नाव बारशाचं पाहिजे. लग्नात मिळालेलं मी धरत नाही, ते सासरचं असतं. तुमचं कुणी ठेवलं?"

"आत्यानं," जाऊबाई म्हणाल्या. "पाळण्यात घालताना."

मी ट्रे घेऊन दारात उभी होते. तेव्हाच म्हणता आलं असतं, बाई, माझंही तेच. पण ते जाऊबाईंनी म्हणावं असं मला वाटत होतं. आमच्या धाकटीचंपण हेच नाव होतं, एवढं एक वाक्य. मी वाट पाहिली. त्या दोन तास बोलल्या, मी दोनदा चहा केला, आणि ते वाक्य आलं नाही. पापड आपण सुरू केले, म्हणाल्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं आपणच केलं. खरं तर भरवायच्या त्या आणि धुणं-पुसणं मी करायचे. बाई भराभर लिहून घेत होत्या.

पुढच्या आठवड्यात माहेरी जाते म्हणून मी निघाले आणि रोह्याच्या स्टँडवर उतरून पूल चालत अष्टमीला गेले. पिशवीत दहावीचं सर्टिफिकेट होतं. बाईंनी ते चष्मा लावून वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"अहो, मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"विचारलं नाय कुणी."

त्यांनी मला बसवलं, सरबत दिलं आणि वही उघडली. मी सांगू लागले. इतकी वर्षं साठलेलं होतं, त्यामुळे अडखळले नाही. तासाभराने बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मी चार पानं लिहिली," त्या हळूच म्हणाल्या. "यात सगळीकडे तुमच्या जाऊबाईच आहेत. त्यांना काय मिळालं, त्या काय म्हणाल्या, त्यांना कोण भेटायला आलं. तुमचं सांगा ना."

"हेच माझं," मी म्हणाले, आणि म्हटल्यावर मलाच कसंतरी झालं.

"घरी जा. एक वही घ्या आणि स्वतः लिहा. त्यांना मध्ये न आणता लिहा. झालं की मला द्या."

मुलाची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली. दुपारी जाऊबाई पडल्या की मी मागच्या पडवीत बसायचे. लहानपणाचं सरसर आलं. भात कापून झाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरायचे ते, शाळेत जाताना ओढ्यात गेलेली चप्पल, वडिलांनी माझ्या अक्षराचं केलेलं कौतुक. बारा पानं झाली. लग्नापाशी आले आणि हात थांबला. त्यापुढचं एकही वाक्य जाऊबाईंवाचून होईना.

एका दुपारी त्या झोपल्याच नाहीत. बिरड्यासाठी भिजवलेले वाल घेऊन पडवीत आल्या आणि माझ्यासमोर बसून सोलू लागल्या.

"काय लिहितेस गो, रोज?"

काहीही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "बाईंच्या पुस्तकासाठी. ते नाव माझं बारशाचं हाय. तुमच्यामुळं गेलं माझं."

तीस वर्षं जे मनात होतं ते बोलायला एवढाच वेळ लागला. जाऊबाईंचा हात थांबला नाही. दोन-चार वाल सोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "माझंपण ते बारशाचं नाय."

मला आधी समजलंच नाही.

"मलापण लग्नातच दिलं. सासूबाईंना आवडायचं ते नाव. माझं दुसरंच होतं."

"आणि आत्यानं ठेवलं म्हणालात ते?"

"बाई म्हणाल्या ना, बारशाचंच पायजे. मला वाटलं, माझं ऐकायला कधी नाय ते कुणी एवढ्या लांबून आलंय, तर उठून जायला नको."

मग त्यांनी मला त्यांचं मूळ नाव सांगितलं. तोवर मी ते कधीच ऐकलं नव्हतं, आणि तसं का, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांची आई त्या लहान असतानाच गेली. खांब गावाकडे राहणारा एक भाऊ, तो त्यांना बायच म्हणायचा. शाळेत त्या जेमतेम दोन वर्षं गेल्या, कुठे कागद नाही. त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं.

दुसरी कुणी असती तर तिला दया आली असती. मला राग आला. म्हणजे ते नाव जाऊबाईंचं नव्हतंच. सासूबाईंनी हौसेने एकीला देऊन टाकलं आणि जिचं होतं ती दारात आली तेव्हा शिल्लक नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि तिथून बाईंना फोन केला. जाऊबाईंचं नाव लग्नातलं आहे एवढंच सांगितलं. एक शब्दही खोटा नव्हता, आणि त्याच आधारावर मी ते केलं.

 बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." आवाज बरा नव्हता.

त्या स्वतः पेणला आल्या आणि जाऊबाईंना म्हणाल्या की तुमचं प्रकरण मला घेता येणार नाही. कुणी सांगितलं असं जाऊबाईंनी विचारलं नाही. "चुकलंच माझं," म्हणाल्या, आणि जाताना बाईंना पापड बांधून दिले. त्यानंतर दीडेक महिना त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मीठ संपलंय. पाणी आलंय.

मी लग्नानंतरचं कसंबसं लिहून दिलं आणि पुस्तक निघालं. पेणमध्येच एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम झाला. आम्हा नऊ जणींना शाल-नारळ. बाईंनी माझं बारशाचं नाव माइकवर उच्चारलं, मी स्टेजवर गेले, आणि मला काहीच वाटलं नाही. तिसऱ्या रांगेत जाऊबाई ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या. त्या सगळ्यांसाठी टाळ्या वाजवत होत्या, माझ्यासाठीही. घरी येताना रिक्षात नवरा म्हणाला, "हे नाव होतं व्हय तुझं? मी विसरूनच गेलेलो."

चार दिवसांनी जाऊबाई पुस्तक घेऊन आल्या. त्यांना वाचायला फार वेळ लागतो. "तुझं वाचून दाखव," म्हणाल्या. माझी सहा पानं मी मोठ्याने वाचली. त्या मध्ये मध्ये दुरुस्त करत होत्या. ती म्हैस नव्हती, गाय होती. विहिरीचं काम निघालं त्या वर्षी तू माहेरी होतीस. सासूबाईंच्या आजारपणाशी आले तेव्हा त्या म्हणाल्या, "धुणं-पुसणं तू केलंस. मी बाईंना तसं सांगितलं नाय."

मी पुस्तक मिटलं. "बाईंना फोन मी केलावता."

"ठाऊक हाय. आणखी कोण करणार? वाच पुढं."

मी पुढे वाचलं. संपल्यावर त्या जरा लाजून म्हणाल्या, "माझ्या नावाच्या कुणी असतील का गो? विचार ना बाईंना."

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. बाईंनी विचारून बघते म्हणून सांगितलं, आणि दोन महिने बघत राहिल्या. ते नाव फार कुणाचं नव्हतंच. शेवटी खाडीकडच्या एका गावात एक म्हातारी सापडली. मिठागरात काम करून हातपाय थकलेली, ऐंशीच्या पुढची. एवढ्या एकीवर पुस्तक होत नाही, असं बाई म्हणाल्या, पण भेटायला त्याही आमच्याबरोबर आल्या.

म्हातारी अंगणात खाटेवर बसली होती. तिच्या सुनेने तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की ही पेणची बाई, तुझ्याच नावाची. म्हातारीने डोळे बारीक करून पाहिलं, खाटेवर हात आपटून जागा दाखवली आणि जाऊबाईंना त्या नावाने, पुढे गो लावून, हाक मारली. तिला त्यात विशेष काही नव्हतं. जन्मभर ऐकलेलं नाव ती उच्चारत होती.

जाऊबाई जाऊन तिच्याजवळ बसल्या. दोघींना एकमेकींशी बोलण्यासारखं फारसं नव्हतं. म्हातारी अधूनमधून विचारायची, "काय गो, चा घेतलास काय?" आणि प्रत्येक वेळी नाव घ्यायची. प्रत्येक वेळी जाऊबाई "व्हय" म्हणायच्या. चेहरा असा झाला होता की मी तो इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

मी बाईंच्या शेजारी खुर्चीवर बसले होते. माझं नाव मला मिळालं होतं, छापूनही आलं होतं, तरी तिथे बसून मला जाऊबाईंचा हेवा वाटला. असं नाव, की अख्ख्या मुलखात दोघींचंच. मी सुनेला म्हटलं, आम्हाला निघायला हवं, नाहीतर गाडी चुकेल. जाऊबाईंनी ऐकलं नाही, आणि मीही पुन्हा म्हटलं नाही. पुढची गाडी तासाभराने होती, ती आम्ही पकडली.