बेस आणि तर्री

तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा भाऊ आपला तळवा स्पीकरच्या लाकडी खोक्यावर ठेवत, डोळे मिटत आणि तक्रार करत, "मास्तर, घुमून नाई राह्यलं."

असा एखादा माइकवाला तुमच्याही गावात असेल. भाऊ आमच्या मालेगावचे. लग्न असो की भाषण, त्यांना बेस हवा, आवाजाचा तो खालचा घुमारा. नवरदेवाचे नाव पुकारले तरी ते विहिरीतून आल्यासारखे यायचे. हातच सढळ. चहा पाजतील तो बशीत सांडेपर्यंत, आणि कंडेन्सर, जो जितका मोठा तितका बेस आत सोडतो, लावतील तो दुकानात असेल नसेल तेवढ्यात सगळ्यात मोठा. "लहान काहून लावाव? आपन काय कंजूस हाओत?"

मी शाळामास्तर, आणि भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचो. रेडिओवर गिटारचा तो फाटका, करकरीत आवाज ऐकला आणि मला तसलाच हवा झाला. भाऊंनी बिस्किटाच्या डब्यात दोन ट्रान्झिस्टर बसवून तो करून दिला. बारीक तारेवर झकास वाजे. जाड तार छेडली की मात्र चिखलात रुतलेली म्हैस फुरफुरायची.

नेमका त्या वर्षी जयंतीचा कार्यक्रम केनवडला होता, आणि केनवड म्हणजे भाऊंची सासुरवाडी. त्यांचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, कमिटीत. तालमीला येऊन तो ती म्हैस ऐकून गेला. "भाऊजी, असा आवाज आला त आमी रिसोडचा माइक सांगू. तुमी मंग पाव्हने म्हनून या, जेवा अन् जा."

बायकोच्या गावात नुसते जेवायला बसायचे! भाऊंचे तोंड एवढेसे झाले.

उपाय त्यांना कळत होता. आवाज फाटण्याआधीच त्यातला बेस कापला की चिखल होत नाही, आणि त्याला लहान कंडेन्सर पुरतो. पण हात धजेना. तो इवलासा जीव चिमट्यात धरून ते बसून राहिले. "बेस कापू? मंग राह्यलं काय, मास्तर?"

वहिनी पोह्यांच्या बशा आणि त्यावर घ्यायची तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, घेऊन आल्या होत्या. हे रडगाणे ऐकून त्या वैतागल्या. "सारी तर्री आधीच पोह्यात कालवली त लगदा होईन. ते वरून टाकतो ना आपन? मंग तुमचा बेस बी वरून टाका!"

भाऊंनी बशीकडे पाहिले, मग डब्याकडे. पोहे गार झाले. डब्याच्या तोंडाशी लहान कंडेन्सर लागला, आणि आवाज फाटून झाल्यावर बेस परत चढवायची सोय पुढे झाली. मी जाड तार छेडली. म्हैस चिखलातून निघाली होती.

केनवडला शिट्ट्यांवर शिट्ट्या पडल्या. साळ्याने भाऊंना स्वतः हार घातला. गंमत अशी, की मैदानभर लावले होते पत्र्याचे भोंगे, आणि भोंग्यातून बेस काही केल्या निघत नाही. लोकांना मिळाले ते नुसते पोहे. तर्री होती फक्त स्टेजवरच्या लाकडी खोक्यात. भाऊ त्यावर तळवा ठेवून, डोळे मिटून बसलेले. शिट्ट्यांकडे त्यांचे लक्षही नव्हते. "घुमून राह्यलं, मास्तर!"

भाऊ जाऊन बरीच वर्षे झाली. मला त्यांची फार आठवण येते. ते खोके आणि तो डबा वहिनींनी मला दिला, आणि दोन्ही अजून चालतात. कधीमधी मी जाड तार छेडतो. घुमते की नाही, कळत नाही. वाजवताना माझे दोन्ही हात गिटारवर असतात.